मोड नसलेले स्प्राउट्स: ब्रसेल्स स्प्राउट पहिल्यांदा करताना

इंग्लंडात आले त्याच वर्षी डिसेंबरात ऑफिसच्या ख्रिसमस जेवणाचं पत्रक फिरलं. शाकाहाऱ्यांसाठी लिहिलं होतं: भाजलेले बटाटे, गाजर, स्प्राउट्स. मी मनातल्या मनात उडीच मारली. दोन महिने सँडविचं खाऊन जीव विटला होता, त्यात मोड आलेली मटकी मिळणार म्हणजे काय! ताट समोर आलं तेव्हा त्यात मटकीचा दाणाही नव्हता. मोठ्या सुपारीएवढे पाच-सहा गोळे होते, ना धड हिरवे ना धड करडे. त्यांच्याखाली पाण्याचं तळं साचलेलं, आणि वास असा, की कुणीतरी उकडलेलं अंडं डब्यात दोन दिवस विसरलंय. एक तोंडात घातला. बाहेरून लिबलिबीत, आतून कडू. शेजारच्या सहकाऱ्याने आपले गोळे काट्याने ताटाच्या कडेला लोटून ठेवले होते आणि त्याच्या पलीकडची बाई त्याला न विचारता ते उचलून मिटक्या मारत खात होती.

रात्री फोनवर आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, "अगं, ही तर कोबीची पिल्लं! उकडली कशाला? परतायची की." आई आयुष्यात कधी ब्रसेल्सला गेली नव्हती, आणि तिने स्प्राउट चाखलाही नव्हता. तरी जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं. ते मला पटायला पुढची दोन वर्षं आणि बरीच पाकिटं लागली, ही गोष्ट वेगळी. तुमची पाकिटं वाचावीत म्हणून हे लिहितेय.

आधी ओळख

ब्रसेल्स स्प्राउट म्हणजे कोबीच, म्हणजे अगदी त्याच जातीचं झाड. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि हा, सगळे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच: ब्रासिका ओलेरासिया. माणसाने शेकडो वर्षं निवड करत कुणाचं फूल फुगवलं, कुणाचा देठ फुगवला. याच्या बाबतीत पानांच्या बगलेतले कोंब फुगवले. झाड पाहिलंत तर गंमत वाटेल. कंबरेएवढा उंच, जाड दांडा, त्याला खालपासून वरपर्यंत गोल गोल फिरत चिकटलेले पन्नास-साठ गड्डे आणि टोकाला छत्रीसारखी कोबीची पानं. आम्ही नॉटिंगहॅमहून समुद्राकडे जातो तेव्हा वाटेत लिंकनशायरची सपाट काळी जमीन लागते. हिवाळ्यात तिथे मैलोन्‌मैल हीच शेतं. बाकी सगळं उघडंबोडकं आणि हे दांडे तेवढे धुक्यात ताठ उभे.

नावात ब्रसेल्स आहे कारण बेल्जियममध्ये, त्या शहराच्या आसपास, याची लागवड काही शतकं चालत आलीय. फ्रेंच लोकही याला ब्रसेल्सचा कोबीच म्हणतात. जर्मन मात्र म्हणतात रोझेनकोल, म्हणजे गुलाबकोबी. मला विचाराल तर हे नाव सगळ्यांत गोड. आपल्याकडे तर स्प्राउट म्हटलं की मोड आलेलं कडधान्यच डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे मराठी माणसाचा पहिला अपेक्षाभंग नावातच होतो.

कुणाला इतके आवडतात, कुणाला इतके नकोसे का होतात

हे समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

सुरुवात आपल्या मोहरीपासून करू. फोडणीत तडतडलेली मोहरी कधी नाकात जात नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की डोळ्यांतून पाणी काढते. कारण मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याच्यापासून वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं एक एन्झाइम असतं. दाणा कुटला, ओला केला की दोघांची गाठ पडते आणि झणका तयार होतो. गरम तेलात ते एन्झाइम आधीच मरतं, म्हणून फोडणीची मोहरी खमंग लागते, झोंबत नाही. स्प्राउट हा मोहरीचा चुलतभाऊ. त्यातही सिनिग्रिन आहे, शिवाय प्रोगोइट्रिन नावाचा त्याचा एक कडू सोबती आहे. चिरला की तोच खेळ सुरू होतो. आणि पाण्यात बराच वेळ शिजवत राहिलं की आतली गंधकाची संयुगं फुटून तो कुप्रसिद्ध अंड्याचा वास सुटतो. जितका वेळ गॅसवर, तितका वास जास्त. इथले लोक स्वतःचीच थट्टा करतात, की ख्रिसमसचे स्प्राउट नोव्हेंबरातच उकळायला ठेवावे लागतात. पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या जेवणात असेच रटरटलेले गोळे खाल्लेला माणूस मोठेपणी ते कडेला सारणारच.

पण दोष सगळा पातेल्याचा नाही. जिभेचाही आहे. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ पीटीसी नावाची पावडर हाताळत होता. थोडी हवेत उडाली. शेजारी काम करणारा ओरडला, काय कडू आहे हे! फॉक्सला मात्र काहीच लागत नव्हतं. दोघांनी चाखून पाहिली, वाद झाला, मग बाकीच्यांना चाखायला दिली. काहींना जहर कडू, काहींना खडूसारखी बेचव. पुढे कळलं की हे आईबापांकडून येतं. २००३ साली त्यामागचा जनुकही सापडला, टीएएस२आर३८. स्प्राउटमधल्या कडू द्रव्यांची ठेवण त्या पावडरीशी मिळतीजुळती आहे. म्हणजे तुमच्या घरात एकाला भाजी गोडसर लागली आणि दुसऱ्याने तोंड वाकडं केलं, तर दोघंही खरं बोलत असतात. मुलांना तर कडूपणा मोठ्यांपेक्षा जास्तच जाणवतो. "नाटकं करू नकोस" म्हणण्याआधी एवढं आठवावं. मी हे माझ्या धाकट्याला अनेकदा म्हटलंय आणि नंतर ओशाळलेय.

यात थुंकीचाही हात असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२१ साली मुलं आणि त्यांचे पालक अशा जोड्यांच्या लाळेत कच्चा फ्लॉवर मिसळून किती गंधकाचा वास सुटतो ते मोजलं. माणसामाणसांत प्रचंड फरक निघाला, पण मुलाचा आकडा त्याच्या आईच्या किंवा वडिलांच्या आकड्याशी बराचसा जुळत होता, बहुधा तोंडातले जिवाणू सारखे असल्यामुळे. ज्या मुलांच्या तोंडात वास जास्त सुटला त्यांना ही भाजी नकोशी होती. त्याच पालकांची मात्र तशी तक्रार नव्हती. म्हणजे सवयीने माणूस सरावतो.

आता तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यांत आवडते. तुमच्या ओळखीतली साठीची इंग्रज बाई "आमच्या लहानपणी फार कडू असायचे हो" असं म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा. यंत्राने काढणी सुरू झाल्यावर झाडावरचे सगळे गड्डे एकदम तयार होतील, पीक भरपूर येईल अशी वाणं आली. त्यात चवीकडे कुणी पाहिलं नाही. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये हान्स फान डोर्न या शास्त्रज्ञाने कडूपणाला नेमकी कुठली द्रव्यं जबाबदार आहेत ते शोधलं: वर सांगितलेली ती दोन, सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन. मग तिथल्या बियाणं कंपन्यांनी जुनी, साठवून ठेवलेली वाणं बाहेर काढून लावली, चाखली, कमी कडू निघालेली आजच्या भरघोस वाणांशी संकर करून घेतली. आज बाजारात मिळतो तो स्प्राउट त्या खटाटोपाचं फळ आहे. आपल्याकडे म्हण आहे, कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. स्प्राउटला ती लागू पडत नाही. इथे खरंच मूळ स्वभाव बदलला.

बाजारात

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. दोन-चार वेळा दंव पडून गेलं की स्प्राउट गोड होतो, कारण थंडीत गोठू नये म्हणून झाड स्वतःत साखर वाढवतं. त्यामुळे ऑक्टोबरात खाऊन "छे" म्हटलं असेल तर जानेवारीत पुन्हा एकदा संधी द्या. ख्रिसमसच्या आठवड्यात सुपरमार्केटं एकमेकांशी चढाओढ करत काही पेन्सांत पाकीट विकतात. पण मोह होऊन चार पाकिटं आणू नका, जुना झाला की चव उग्र होते.

बोटाने दाबून पाहा. घट्ट हवा, कच्च्या कैरीसारखा. बुडाचा काप पांढरट असेल तर ताजा, तपकिरी असेल तर बरेच दिवस पडून आहे. पिवळी पानं नकोत. लहान गड्डे घ्या, मोठे बहुधा जास्त कोबीसारखे लागतात. सगळे साधारण एका आकाराचे निवडले तर शिजतानाही एकत्र शिजतात. दांड्यासकट मिळाले तर जरूर घ्या. जास्त टिकतात आणि मुलांना दांड्यावरून एकेक खुडायला मजा येते. घरी आणून न धुता फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवसांत संपवा. गोठवलेले निदान पहिल्या खेपेला घेऊ नका. ते आधीच वाफवलेले असतात, तव्यावर पाणी सोडतात, आणि तुम्ही पुन्हा माझ्या ऑफिसच्या ताटापाशी येऊन पोचता. पुण्या-मुंबईत मोठ्या सुपरमार्केटात ट्रेमध्ये बांधलेले मिळतात. तिथे भावाकडे न पाहता बुडाचा रंग पाहा.

साफ करणं आणि चिरणं

बुडाची पातळ चकती काढा. अगदी पातळ, नखाएवढी. जास्त कापलं तर पानं सुटी होऊन हातात येतात. वरची एक-दोन मळकी पानं काढून टाका. थंड पाण्यात बुडवून दोनदा हलवा, मग बुड खाली, टोक वर असा धरून मधोमध उभा चिरा. दोन्ही फाकांत बुडाचा तुकडा राहिला पाहिजे, तोच पानांना धरून ठेवतो.

आत पाहा एकदा. पिवळसर-पांढरी पानं एकावर एक, घडी घातलेल्या साडीच्या निऱ्यांसारखी. हीच कापलेली बाजू पुढच्या सगळ्या चवीची जागा आहे.

इथल्या जुन्या पद्धतीत बुडाला सुरीने फुली मारतात, आतपर्यंत शिजावं म्हणून. करू नका. त्या फुलीतून पाणी आत शिरतं आणि मऊ लगदा होतो. अर्धा चिरला की आतपर्यंत उष्णता पोचतेच.

आणि धुतल्यावर कोरडे करा. फडक्यावर पसरून वरून दुसऱ्या फडक्याने दाबा. ही पायरी लोक हटकून गाळतात आणि मग तक्रार करतात की लाल होत नाहीत. ओला स्प्राउट तव्यावर आधी वाफवला जातो, भाजला जाण्याचं नंतर. भेंडी चिरायच्या आधी आपण कशी पुसून घेतो, तितकीच काळजी इथे.

पहिल्यांदा करताय? मग लोखंडी तव्यावर

चारशे ग्रॅम स्प्राउट, दोघांना पुरतील. जाड बुडाचा तवा किंवा बिडाची कढई हवी. घरून आणलेला भाकरीचा तवा चालतो, फक्त खोलगट असेल तर बरं.

तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या. दोन मोठे चमचे तेल घाला. तेल तापलं की फाका एकेक करून कापलेली बाजू खाली ठेवा. एकावर एक नकोत. मावत नसतील तर दोन घाणे करा. आणि आता काहीही करू नका. हा सगळ्यांत अवघड भाग. आपला हात परतायला शिवशिवतो, कालथा आपोआप उचलला जातो. पाच मिनिटं हात मागे बांधून उभ्या राहा. चर्र आवाज येत राहिला पाहिजे. आवाज थांबला तर आच कमी आहे, धूर आला तर जास्त.

पाच मिनिटांनी एक फाक उलटून पाहा. खालची बाजू गडद तपकिरी हवी, नीट भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी. फिकट सोनेरी असेल तर आणखी एक-दोन मिनिटं थांबा. नवशिके इथेच घाबरून लवकर उलटतात. त्या तपकिरी थरात गोडवा आणि खमंगपणा असतो, आणि कडूपणाला तोच झाकतो.

रंग आला की अर्धा चमचा मीठ, दोन-तीन मोठे चमचे पाणी, आणि लगेच झाकण. दोन मिनिटं. झाकण काढा, उरलेलं पाणी आटू द्या, सुरीचं टोक बुडात खुपसून पाहा. थोडं अडत अडत आत गेलं की झालं. सहज गेलं तर एक मिनिट उशीर झाला, पण तरी खाण्यासारखे आहेत. गॅस बंद करून मग लिंबू पिळा. आधी पिळलंत तर आंबटपणाने हिरवा रंग मरतो आणि भाजी लष्करी गणवेशासारखी दिसते.

मिठात कंजुषी करू नका. मीठ फक्त खारट करत नाही, जिभेला कडूपणा कमी जाणवू देतं. कारल्याला मीठ चोळून ठेवतो तेव्हा पाणी काढण्यासोबत हेही काम होतंच की.

यावर काय घालायचं? अमेरिकेत गेल्या वीसेक वर्षांत हॉटेलांनी याला डोक्यावर घेतलंय, तिथे बेकन, मध, बाल्सॅमिक व्हिनेगर, कुठे फिश सॉस. सूत्र एकच: आंबट, गोड, खारट. हे सूत्र आमटीवाल्यांना कुणी शिकवायला नको. मी शेवटच्या मिनिटाला चमचाभर चिंचेचा कोळ आणि तेवढाच गूळ एकत्र कालवून तव्यावर ओतते, फाकांना चिकटेपर्यंत हलवते, वरून भाजलेले तीळ. माझ्या साठीच्या शेजारणीने पहिल्यांदा हे खाल्लं आणि विचारलं, हे नक्की स्प्राउटच आहेत ना.

ओव्हनमध्ये

पाहुणे आठ-दहा असतील तर तव्यापाशी उभं राहण्यात अर्थ नाही. ओव्हन पंख्याचा असेल तर २०० अंश, नसेल तर २२०. रिकामा ट्रे आत ठेवूनच तापवा. पाचशे ग्रॅम फाकांना भांड्यातच दोन मोठे चमचे तेल, मीठ, मिरपूड चोळा, गरम ट्रेवर कापलेली बाजू खाली करून एका थरात पसरा. वीस ते पंचवीस मिनिटं, मधे हलवायचं नाही. सुटी झालेली पानं आधी कुरकुरीत होतात, काळपट दिसतात. ती टाकू नका. ती पापडासारखी लागतात आणि आमच्याकडे टेबलावर पोचतच नाहीत. एअर फ्रायर असेल तर १९० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, आणि टोपली अर्धीच भरा.

आपली भाजी

चारशे ग्रॅम स्प्राउट पातळ उभे चिरा, कोबी चिरतो तसे. वेळखाऊ काम आहे. मी टीव्हीसमोर बसून करते. दोन मोठे चमचे हरभऱ्याची डाळ दोन तास आधी भिजवलेली हवी. कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या. भिजलेली डाळ घालून दोन मिनिटं परता, मग स्प्राउट. आच मोठी ठेवा. पाणी घालू नका, एकदाच दोन-तीन मिनिटांची वाफ काढा, मग झाकण काढून परतत राहा. एकूण सात-आठ मिनिटांत होते. मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर.

कोबीच्या भाजीपेक्षा ही जरा दाट, बदामासारख्या चवीकडे झुकणारी लागते. हिंग नुसता वासासाठी नाही. या कुळातल्या भाज्यांत रॅफिनोज नावाची साखर असते, ती आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती खातात आणि पोटात गॅस धरतो. इथल्या ख्रिसमसच्या दुपारचे विनोद त्यावरच चालतात.

पीठ पेरूनही उत्तम होते. वरच्या भाजीतली डाळ आणि खोबरं गाळा, तेल चमचाभर वाढवा, स्प्राउट अर्धवट शिजले की तीन-चार मोठे चमचे कोरडं भाजलेलं बेसन भुरभुरा, एक वाफ, मग खरपूस होईपर्यंत परता. ज्यांना कडू लागतो त्यांना मी आधी ही देते. बेसन बरंच काही पोटात घेतं.

भरल्या वांग्यासारखे मसाला भरूनही मी करून पाहिले होते. पानं उघडून त्यात दाण्याचं कूट आणि गोडा मसाला कोंबत दीड तास बसले. शिजताना सगळा मसाला बाहेर आणि स्प्राउट आत कच्चे. नका करू.

कच्ची पचडी मात्र झकास होते, पण गड्डे ताजे हवेत. अगदी बारीक चिरून मीठ चोळा, दहा मिनिटं ठेवा, लिंबू, दाण्याचं कूट, वरून मिरचीची फोडणी. बारीक चिरल्यामुळे इथे तो मोहरीचा झणका पुरेपूर येतो. फेसलेली मोहरी आवडणाऱ्या घरात ही वाटी पुसून खातात, बाकीच्यांनी चमचाभरच वाढून घ्यावी.

उकडायचेच असतील तर

कधी इंग्रजी सासरी, कधी कुणाच्या घरी मदत करताना, उकडावे लागतातच. मोठं पातेलं, भरपूर पाणी, समुद्रासारखं खारट, खळखळ उकळतं. त्यात अर्धे चिरलेले स्प्राउट तीन-चार मिनिटं, अख्खे असतील तर पाच-सहा. झाकण ठेवू नका. झाकणाखाली वाफेतली आम्लं परत पाण्यात पडतात आणि रंग जातो. सोडा अजिबात नको. हिरवेगार दिसतात खरे, पण पिठूळ होतात. घड्याळ लावा, आणि वेळ झाली की चाळणीत ओतून पूर्ण निथळू द्या, मग गरम पातेल्यातच लोणी घालून घोळा. बेल्जियममध्ये यावर जायफळ किसतात. जायफळ म्हटलं की आपल्याला श्रीखंड आठवतं, पण लोण्यात घोळलेल्या स्प्राउटवर ते चांगलं लागतं. किंचितच हवं मात्र. इथे ख्रिसमसला सोबत उकडलेले चेस्टनट घालतात. गोडसर, पिठूळ, रताळ्याच्या जवळचे. जोडी छान जमते.

कुणी जपून खावं

घरी आईवडील पाहुणे आले असतील आणि त्यांच्यापैकी कुणी वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर हे वाचाच. स्प्राउटमध्ये के जीवनसत्त्व खूप असतं, १०० ग्रॅममध्ये पावणेदोनशे मायक्रोग्रॅमच्या आसपास. ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. स्कॉटलंडमध्ये ख्रिसमसला स्प्राउटवर ताव मारलेल्या एका रुग्णाला त्यामुळे हॉस्पिटलात दाखल व्हावं लागल्याची नोंद २०१२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. पूर्ण बंद करण्याची गरज नसते. एकदम वाढवायचं नाही, आणि डॉक्टरांना सांगायचं. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी कच्चे भरमसाट खाऊ नयेत. शिजवलेली वाटीभर भाजी सहसा कुणाला त्रास देत नाही. बाकी पोषणात हा दादा आहे: १०० ग्रॅम कच्च्या स्प्राउटमध्ये साधारण ८५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या संत्र्यापेक्षा जास्त, आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं.

मुलांच्या बाबतीत एकच सांगेन. ताटात एक फाक वाढा, ती राहिली तर राहू द्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा एक वाढा. माझ्या थोरलीने सहाव्या-सातव्या खेपेला न सांगता खाल्ली. धाकटा अजून फक्त कुरकुरीत पानं खातो. त्याच्या वडिलांनाही कडूच लागतात, त्यामुळे मी आता दोघांच्याही मागे लागत नाही.

उरले तर

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधले उरलेले स्प्राउट आणि उरलेले बटाटे एकत्र कुस्करून इथे तव्यावर जाडसर थर थापतात, खालून लाल झाला की उलटतात. याचं नाव बबल अँड स्क्वीक, तव्यावर बुडबुडतो आणि चिरकतो म्हणून. सव्वीस डिसेंबरच्या सकाळी शेजारीण तो करते. मी त्याच गोळ्यात हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर आणि मूठभर ज्वारीचं पीठ घालते, ओल्या फडक्यावर थापते, मधे भोक पाडून तेल सोडते. गेल्या वर्षी तिने तिचा अर्धा तुकडा आणला आणि माझं अर्धं थालीपीठ नेलं. जाताना विचारून गेली, भोक कशासाठी.